जऊळक्याचं तिकीट

ही गोष्ट मी आजवर टाळली. माझ्या क्षयाची कहाणी घरात सगळ्यांना पाठ आहे. छातीचा फोटो, दंडाची चाळण करणाऱ्या सुया, पाणचट दूध आणि शेवटी मास्तर बरा होऊन परत शाळेत गेला. लग्नकार्यात कुणी विचारलं की मी ती सांगायचो आणि लोक म्हणायचे, मास्तर काय हसत हसत सांगतात! त्या कहाणीतून एक दिवस मी नेहमी वगळायचो. त्याबद्दल माझ्या बायकोलाही कधी कळलं नाही, आणि तिला जाऊन आता सहा वर्षं झाली.

यंदा माझ्या नातवाला रक्ताचा आजार निघाला. नागपूरला उपचार चालू आहेत. केस गळून गेले तेव्हा तो आईला म्हणाला, "वाटणीत माझा कंगवा दादाच्या नावावर करून टाक." सून रडायला लागली. मुलाने त्याला दटावलं. हसलो तो मी एकटा. सगळे बाहेर गेल्यावर त्याने विचारलं, "आबा, तुमच्या वेळी आजारी माणसं असं बोलायची का?"

मी नुसतं हो म्हणालो. पुढचं लिहून देतो.

*

पन्नासच्या दशकातली गोष्ट. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोल्यातला तालुका होता. मी आसेगावच्या शाळेत मास्तर होतो. वय पंचवीस, लग्नाला दीड वर्ष झालेलं. खोकला खडूच्या धुळीचा आहे असं मी सगळ्यांना सांगत होतो, स्वतःलासुद्धा. एक दिवस एकोणतीसचा पाढा म्हणवून घेताना रुमालात लाल दिसलं. रुमाल खिशात घातला आणि पाढा पूर्ण करून घेतला.

माझा थोरला भाऊ, दादा, मला अकोल्याला घेऊन गेला. डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीकडे धरून बराच वेळ पाहिला. "फोटो चांगला नाही," ते म्हणाले.

मी म्हणालो, "साहेब, माझे फोटो कधीच चांगले येत नाहीत."

कुणी हसलं नाही. दादाने आपली खुर्ची जराशी बाजूला घेतली. आपण तसं केलं हे त्यालाही कळलं नसेल. गावाकडे परतताना बैलगाडीत तो पुढे बसला आणि मला मागे बसवलं, वारा त्याच्याकडून माझ्याकडे यावा म्हणून. त्याच्या घरात दोन लहान लेकरं होती. मी त्याला दोष देत नाही. आठवड्याभरात सासरे आले आणि बायकोला माहेरी घेऊन गेले. आईने माझं ताट वेगळं काढलं. ते घासताना ती रडायची, पण राखेने तीन-तीनदा घासायची.

*

वाशीमला एका जैन व्यापाऱ्याने क्षयाच्या रोग्यांसाठी पत्र्याची शेड बांधून दिली होती. आठ खाटा, समोर व्हरांडा, मागे एक बंद खोली. स्टेशन इतकं जवळ की गाडीची शिटी खाटेवरून ऐकू यायची. डॉक्टर दिवसातून एकदा येत. बाकी सगळं तिथले कंपाउंडर रहीमचाचा पाहायचे. सकाळी ताप बघायचा, मग सुई, मग दूध. जेवणानंतर दोन तास न बोलता पडून राहायचं. प्रत्येकाच्या खाटेखाली थुंकण्यासाठी झाकणाचा डबा असे. चाचा ते डबे उचलायचे आणि हात धुऊन आल्यावर आमच्या कपाळाला हात लावून पाहायचे. ताप काचेच्या नळीत दिसायचा, हात लावायची काही गरज नव्हती. तरी लावायचे. त्या काळात मला हात लावणारा तो एकच माणूस होता.

शेजारच्या खाटेवर सखाराम होता. केनवडचा मापारी, म्हणजे बाजारात धान्य मोजून देणारा. मापारी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. मग दोन, तीन. पहिल्याच दिवशी मला खोकल्याची उबळ आली तेव्हा शेजारून आवाज आला, "लाभ... दोन... तीन... चार..." मी दम घ्यायला थांबलो तसा तो म्हणाला, "मास्तरची पायली भरली. आता कोनाचं मोजाचं हाये?"

मला राग यायला हवा होता. पण दोन महिन्यांत कुणी माझ्या खोकल्याला न घाबरता तोंड दिलं असेल तर ते त्याने. मी इतका हसलो की पुन्हा उबळ आली, आणि त्याने पुन्हा 'लाभ'पासून सुरुवात केली.

जऊळक्याची सुरुवात अशी झाली. कोपऱ्यातल्या खाटेवरचा माणूस वारला. तो जऊळक्याचा होता, वाशीमहून रेल्वेच्या वाटेवरचं एक स्टेशन. नातेवाईक त्याला गावी घेऊन गेले. त्याच दिवशी आलेल्या एका नव्या रोग्याने रिकाम्या खाटेकडे पाहून विचारलं, "इथला मानूस कुठी गेला?"

"जऊळक्याले गेला," सखाराम म्हणाला.

"बरा झाला का?"

"एकदम. खोकला पार थांबला."

त्या दिवसापासून शेडमध्ये मरणाला जऊळका म्हणायला लागले. रक्त पडलं की तिकीट फाटलं. मी मास्तर, म्हणून मला स्टेशनमास्तर केलं. रुमाल लाल झाला की मी पुकारायचो, "दुसरीकडं लाल झेंडी दिसली का गाडी थांबते. आपल्या इथं लाल दिसली का गाडी सुटते!" सखारामची थोरली बहीण खरोखरच जऊळक्याला दिलेली होती. तो म्हणायचा, "मले काय फिकर हाये? माह्यं तर घरचं स्टेशन. उतरलो का आक्काकडं चहा."

एकच माणूस हसत नव्हता. मंगरूळचे मोतीशेठ, कापडाचे दुकानदार, माझ्या वडिलांच्या वयाचे. ते म्हणायचे, "असं बोलू नये मास्तर. वास्तू तथास्तु म्हनत असते."

सखाराम म्हणाला, "या शेडीची वास्तू सोताच खोकून राह्यली शेठ. तिले तथास्तु म्हनाले दम कुठी हाये?"

या हसण्याने आमच्यातलं कुणी बरं झालं असं मी म्हणणार नाही. पण जे नाव कुणाच्या तोंडातून निघत नव्हतं, त्याला आम्ही एक स्टेशन दिलं होतं. स्टेशनाबद्दल बोलता येतं. गाडीला उशीर झाला म्हणता येतं. बाहेरची माणसं आमच्याशी बोलायची तेव्हा आमच्या डोक्यावरून पाहायची. शेडमध्ये आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहून बोलायचो. मला त्या दिवसांत एवढं पुरत होतं.

*

सखारामची घरची कार्डं मी लिहायचो. त्याची बायको रुक्माबाई केनवडला होती. दोन लेकरं, मजुरी आणि वाटखर्च, यामुळे ती एकदाही येऊ शकली नव्हती. गावातला कुणी तिला कार्ड वाचून दाखवायचा. सखाराम गमती सांगायचा आणि मी त्यात माझ्या चार घालायचो. पावसाळा सरता सरता त्याचा आवाज बसला. एका सकाळी त्याने मला जवळ बोलावलं. "मास्तर, हे कार्ड गमतीचं नको. 'ये' म्हून लिहा. बस."

मी तेवढंच लिहिलं.

पाचव्या दिवशी सकाळी, दूध वाटून झाल्यावर, सखाराम गेला. मी त्याच्याकडे पाठ करून पडलो होतो. चाचांनी त्याचे डोळे मिटले, त्याला मागच्या खोलीत नेऊन ठेवलं. डॉक्टर सांगून गेले, "घरचं कुणी येतं का ते संध्याकाळपर्यंत पाहा. नाही आलं तर नगरपालिकेची गाडी बोलवा." शेडमध्ये त्या दिवशी कुणी जऊळक्याचं नाव काढलं नाही.

दुपारी चाचा नमाजाला गेले होते. बाकीचे झोपलेले. मी व्हरांड्यात बसलो होतो, अंगावर घोंगडी, तोंडाला फडकं. रस्त्याने एक बाई झपाझप चालत आली. पायांवर धूळ, हातात गाठोडं. तिने विचारायच्या आधीच मला कळलं होतं.

"जी भाऊ, केनवडचे सखाराम मापारी इथीच हायेत ना?"

मी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "जऊळक्याले गेला."

मी थट्टा करत नव्हतो. तीन महिने माझ्या तोंडात मरणासाठी हा एकच शब्द होता. घाबरलो आणि तो बाहेर पडला.

"जऊळक्याले? आक्काकडं?" ती पायरीवर बसली आणि हसायला लागली. "पाहा बरं कसा मानूस हाये! मले 'ये' म्हून कार्ड टाकते अन् सोता बहिनीकडं जाते. डाक्तरनं सोडलं म्हना त्याईले. बरं वाटत व्हतं ना जी?"

इथे मला थांबता आलं असतं. 'नाही बाई' एवढं म्हटलं असतं तरी माझ्या आवाजावरून तिला उरलेलं कळलं असतं. पण ती हसत होती. कित्येक दिवसांत कुणी बाई माझ्यासमोर इतक्या जवळ बसून हसली नव्हती.

"हो," मी म्हणालो. "खोकला थांबला होता."

पहिलं वाक्य तोंडातून निसटलं होतं. हे मी बोललो.

"गाडी कवा हाये तिकडं जायाले?"

"आत्ताच. दुपारची."

ती उठली. गाठोडं सोडून दोन भाकरी आणि जवसाची चटणी माझ्यासमोर ठेवली. "त्याईच्यासाठी आनलं व्हतं. आक्काकडं काय कमी हाये? तुमी खा. लय खंगले जी तुमी." आणि ती स्टेशनाकडे जवळजवळ पळतच गेली.

गाडीची शिटी झाली तेव्हा मी भाकर खात होतो. भूक नव्हती. कुणी काही विचारलं तर तोंडात घास असावा म्हणून खात होतो.

चाचा परत आले. "कोई आया था क्या, मास्टर? इसके घर से कोई आना चाहिए था."

"कोई नहीं आया, चाचा," मी म्हणालो.

तेव्हा जरी खरं सांगितलं असतं तरी चाचांनी प्रेत दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं असतं, जऊळक्याला तार केली असती. ते तसेच होते. दिवस मावळायच्या आत नगरपालिकेची गाडी आली. सखारामला नुसतं गाडीवर टाकून पाठवायचं चाचांच्या मनाला पटेना, म्हणून त्यांनी बाजारातून चार हिंदू माणसं बोलावून आणली, मडकं आणलं आणि स्मशानापर्यंत स्वतः मागे चालत गेले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने रुक्माबाई परत आली. सोबत नणंद आणि नणंदेचा नवरा. सखाराम जऊळक्याला पोचलाच नव्हता, म्हणून गावातली माणसं कंदील घेऊन रुळांच्या कडेने त्याला शोधत गेली होती. अशक्त माणूस, डब्यातून पडला असेल, कुठे चक्कर येऊन बसला असेल.

व्हरांड्यात चाचांनी तिला सांगितलं. ते हिंदीत बोलत होते आणि ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "नाई जी, ते जऊळक्याले गेले. मले इथीच सांगतलं." तिच्या कपाळावर ताजं कुंकू होतं. नवरा भेटणार म्हणून नणंदेने सकाळी लावलेलं. नणंदेला कळलं तेव्हा तिने पदराने ते पुसलं, आणि मग रुक्माबाईला कळलं.

"तोंडबी नाई पाह्यलं जी मी," ती म्हणाली. मोठ्याने रडली नाही. तेवढंच दोन-तीनदा म्हणाली.

"किसने बोला तुमको?" चाचांनी विचारलं.

ती दारातून आत पाहायला लागली. आठातल्या सात खाटांवर माणसं. सगळी वाळलेली, सगळ्यांच्या तोंडाला फडकं. मी घोंगडी डोळ्यांपर्यंत ओढून घेतली.

"असन कोनी," ती म्हणाली. "त्यालेबी मालूम नसन."

ते लोक गेल्यावर मी घोंगडी खाली केली. समोरच्या खाटेवरून मोतीशेठ माझ्याकडे पाहत होते.

"तुमी व्हते," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"मस्करीले दोघं लागतात, मास्तर. तिले मालूम नोतं का हे मस्करी हाये. मंग ते काय झालं?"

"खोटं झालं."

"खोटं बोलनाराले काहीतरी पाहिजे असते. तुमाले काय पाहिजे व्हतं?"

त्याचं उत्तर मी आता देतो. माझ्या डोळ्यांसमोर तिचा चेहरा पडू नये, एवढंच मला पाहिजे होतं. तो दुसऱ्या कुणासमोर पडावा. तिची दया वगैरे आली नव्हती मला.

*

त्यानंतर शेड मुकी झाली. मोतीशेठनी कुणाला सांगितलं नाही, पण सखाराम नव्हता आणि मी गाडी पुकारत नव्हतो. पुढच्या महिन्यात आणखी एक जण गेला, तेव्हा आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. तो शेवटी आमच्याकडे पाहत असेल तर त्याला फक्त पाठी दिसल्या असतील. हसत होतो तेव्हा सगळ्यांनी मिळून अशी पाठ कधी फिरवली नव्हती.

मग मोतीशेठना रक्त पडलं. मी डबा धरला. ते जरा शांत झाले तसे म्हणाले, "मास्तर, लाल झेंडी दिसली. गाडी कवा हाये?"

मी डब्याचं झाकण लावायला लागलो.

"इतके दिवस मले नको असताना आयकवलं. आता माह्यी पाळी आली त मुके झाले?" ते खरोखर चिडले होते.

मी म्हणालो, "शेठ, तुमच्यासाठी पहिल्या वर्गाचा डबा पाहून राह्यलो. मिळून नाई राह्यला."

ते हसले. ओठांवर रक्त होतं तरी हसले, आणि माझा हात धरून ठेवला. पुढे ते बरे झाले, मंगरूळला परत जाऊन दुकानात बसले.

माझ्या नातवाला मी एवढंच सांगू शकतो. तिकीट ज्याच्या हातात आहे त्याने गाडीची थट्टा करावी, आणि त्याने मागितली तर आपणही करावी. तो कंगव्याबद्दल बोलला की घरच्यांनी त्याला गप्प करू नये. पण कुणी दारात येऊन साधा प्रश्न विचारला तर त्याला साधं उत्तर द्यावं लागतं. कितीही जड असलं तरी.

*

मी बरा झालो. बायको परत आली, शाळा मिळाली. चार वर्षांनी, अंगावर मांस चढलेलं असताना, मी बाजाराच्या दिवशी केनवडला गेलो. सगळं सांगून टाकायचं ठरवून गेलो होतो. वाटेभर वाक्यं जुळवत होतो.

रुक्माबाई बाजारात धान्य पाखडून द्यायचं काम करत होती. मी म्हणालो, "मी सखारामच्या शेजारच्या खाटेवर होतो. कार्डं लिहायचो."

"मास्तर!" तिने सूप बाजूला ठेवलं. "तुमी मास्तर? अवो, तुमच्या कार्डाईनं आमी किती हासलो! लेकरं तं पाठ म्हनत." तिने चहा मागवला. मला बसायला पोतं अंथरलं. लेकरांचं सांगितलं, पावसाचं सांगितलं. मी प्रत्येक वेळी तोंड उघडायचो आणि ती दुसरं काही बोलायची.

मग ती म्हणाली, "मास्तर, येक इचारू? त्या दिवशी व्हरांड्यात येक मानूस बसला व्हता. घोंगडी पांघरून. त्यानंच मले जऊळक्याले धाडलं. लय हाल व्हते त्याचे. जगला का जी तो?"

तिच्या आवाजात राग असता तर मी सांगितलं असतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं काय ते मला माहीत नाही.

"नाही," मी म्हणालो. "तोही गेला."

"अरेरे," ती म्हणाली. "म्हून त्याचं ध्यान नसन ठिकानावर."

चहा आला. मी तो प्यालो आणि उठलो. तिने लेकरांना माझ्या पाया पडायला लावलं.

पुढे दोनदा मी केनवडला जायला निघून रिसोडपर्यंत गेलो आणि तिथूनच परतीच्या मोटारीत बसलो. तिसऱ्यांदा केनवडात पोचलो तेव्हा लोकांनी सांगितलं की ती मुलीकडे राहायला गेली होती आणि तिथेच वारली. कितीतरी आधी.

तिच्याशी बोलायचं होतं ते थोडकंच होतं. रुक्माबाई, तो मानूस मेला नोता. तो मीच व्हतो. तुमी इचारलं तवा सखाराम मागच्या खोलीत व्हता, तुमच्यापासून वीस पावलावर. मले मालूम व्हतं. मले माफ करा.